एकशे एकविसावी कुंडी

मुख्याधिकारी मॅडमनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि सरळ माझ्या कुंडीवर ओतला. खालच्या फायली भिजल्या, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. मग त्यांनी अंगठ्यानं मोराची मान घासली आणि तो अंगठा माझ्यासमोर धरला. निळाभोर.

"द्वारकाबाई, हा तुमचा मोर. एका पेल्यात उडाला. आपल्याकडं पाऊस चार महिने असतो."

मागं उभा असलेला नगरपालिकेचा ओव्हरसियर खोत हसला. माझे सासरे, आबा, दाराशी चपला हातात धरून उभे होते. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. कुंडी त्यांनी घडवली होती, त्यांनीच भाजली होती, आणि तिचं काहीच बिघडलं नव्हतं. बिघडला होता तो माझा रंग.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. आमच्या तालुक्याच्या गावात कुंभारवाडा आहे, म्हणजे नावाला आहे. एकेकाळी तिथं सात घरांत चाक फिरायचं. मी सून म्हणून आले तेव्हा एकच घर उरलं होतं, आमचं, आणि एकच आवा. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. दगडामातीची, गोल, दोन माणसं आत उभी राहतील एवढी. आबांच्या आज्यानं ती रचलेली. तिच्या मागच्या अंगाला नवं कोर्ट झालं आणि वकिलांच्या काळ्या कोटांवर आमची राख बसायला लागली. तक्रारी गेल्या, नोटीस आली. आवा काढून घ्यावा. जसा काही तो तंबू होता, खुंट्या उपटल्या की निघाला.

मी दहावी नापास, पण अर्ज लिहिता येत होता. नवरा, आनंदा, पुण्याला टेंपोवर होता आणि महिन्यातून एकदा यायचा. घरात आबा, सासूबाई आणि मी. कागदाला तोंड द्यायला मीच होते. नगरपालिका त्या साली स्वच्छ शहराच्या स्पर्धेत उतरली होती आणि स्टँडपासून कोर्टापर्यंत रस्त्याच्या कडेनं प्लॅस्टिकच्या कुंड्या मांडायचं चाललं होतं. मी लिहिलं, प्लॅस्टिक कशाला, आमच्या मातीच्या रंगवलेल्या कुंड्या घ्या आणि गावातला शेवटचा आवा राखा.

मॅडम वाईट नव्हत्या. त्या वाईट असत्या तर मला आज सोपं गेलं असतं. त्यांनी रुमालानं अंगठा पुसला आणि साफ सांगितलं. एकशेवीस कुंड्या पाच जूनला, पर्यावरणदिनी, रस्त्यावर पाहिजेत. वीस ऑगस्टला समिती बघायला येईल. तोवर कुंड्या टिकल्या तर आवा हस्तकला केंद्र म्हणून नोंदवायचा ठराव त्या स्वतः सभेत मांडतील.

"आणि एक ऐका," त्या म्हणाल्या. "रंग उडाला तर परत देता येतो. त्याची मी काहीतरी सबब सांगेन. पण मडकंच कच्चं निघालं, तर तो आवा कशासाठी राखायचा, याचं उत्तर माझ्याकडं नसेल."

हे मी नीट ऐकलं होतं. विसरले होते, असं मला म्हणता येणार नाही.

पाट्या रंगवणारे इस्माईलभाई स्टँडमागं बसायचे. मी कुंडी घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी ती उलटी केली, आत बोट फिरवलं आणि म्हणाले की मी बाहेरच्या पावसाला भीत बसलेय आणि चोर आत आहे. कुंडीत माती येणार, मातीत पाणी येणार, ते पाणी मडक्याच्या अंगातनं बाहेर निघणार आणि निघताना रंगाला ढकलणार. बाहेरून वॉर्निशचा डबा ओतला तरी काही उपयोग नाही. आधी आतून बंद करायचं.

मी तीन लहान कुंड्या घेऊन करून बघितलं. पहिली फक्त बाहेरून रंगवली. ओली माती भरल्यावर आठ दिवसांत तिच्यावर पांढरा खार फुटला आणि रंग पापडासारखा उचलला. दुसरी पूर्ण वाळवली, आतून पाण्याच्या टाकीला लावतात तो काळा डांबरी रंग दोन हात दिला, मग बाहेरून प्रायमर, रंग आणि वर वॉर्निशचे तीन पातळ हात. ती मी महिनाभर नळाखाली ठेवली. काही झालं नाही. तिसरीला अगदी तेच सगळं केलं, फक्त ती अर्धवट ओली असताना. चार दिवस ऊन लागलं आणि तिच्या अंगावर फोड आले. फोड दाबला की आतून पाणी यायचं. ओल दोन्हीकडून कोंडली होती आणि ऊन पडल्यावर रंग फाडून बाहेर येत होती.

तिसऱ्या कुंडीचं सांगून ठेवतेय ते उगीच नाही. मला माहीत होतं.

आबांना हे आतून काळं करणं सोसवेना. त्यांचा सगळा जन्म माठ करण्यात गेला होता. पाणी गार राहतं ते माठ पाझरतो म्हणून, आणि त्यांची ही सून पाझरच बुजवायला निघाली होती.

"मडक्यानं पाझरायला पायजे," ते म्हणाले. "पाझरत न्हाई ते मडकं मेलं."

"मग आवा मरू दे," मी म्हणाले.

मी अशीच बोलायचे. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ते ओसरीवर बसून एका जुन्या कुंडीला आतून काळा हात देत होते. ब्रश धरायची सवय नव्हती, कोपरापर्यंत डांबर झालं होतं. मला बघून एवढंच म्हणाले, "हात सारखा बसतोय का बघ." चाळीस वर्षं जो माणूस मडकं जिवंत ठेवायला झटला, तो माझ्या शब्दासाठी मडकं मारायला शिकत होता. तेव्हा मला त्यात फक्त माझी जीत दिसली.

मेच्या मध्यावर आवा लावला. तीन दिवसांनी उघडला तेव्हा आतून एकशे एकवीस कुंड्या निघाल्या, एकही तडकलेली नाही. आबांनी एकेक उचलून बोटाच्या पेरानं वाजवली आणि कान लावला. खण्ण. प्रत्येक कुंडी खण्ण. ते म्हणाले की अशी भाजणी त्यांच्या हातून पाच-सहा वेळाच झाली असेल. एकशेवीस रस्त्याच्या, आणि वरची एक आव्याची. आव्यातलं एक भांडं विकायचं नाही, घरात ठेवायचं, अशी आमच्याकडं रीत. ती एक मी घरात नेली आणि तिच्यात माझे ब्रश उभे केले. बाकीच्या अंगणात उन्हाला मांडल्या.

आव्यातून त्या कोरड्याच निघतात, तरी हवेची ओलही नको म्हणून मी दहा दिवसांचं ऊन ठरवलं होतं. सहा दिवस झाले होते आणि मला माहेरी जावं लागलं. भाचीचं लग्न. चार दिवस. जाताना मी सासूबाईंना सांगितलं की कुंड्यांना कुणी हात लावू देऊ नका. काय करू नका, ते सांगितलं नाही. ते सांगायचं असतं हे मला सुचलंच नाही.

सासूबाईंचं नाव कोंडाबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, अजून म्हणतो. घरात मडकं घडवायचं काम आबांचं आणि जागवायचं आत्याबाईंचं. जागवायचं म्हणजे नव्या मडक्यात तीन रात्री पाणी भरून ठेवायचं, रोज बदलायचं, आणि मगच ते दाराबाहेर काढायचं. कोरडं मडकं एकदम पाण्याला लागलं तर दचकतं आणि तडकतं, असं त्या म्हणायच्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या हातून एक मडकं न जागवता बाहेर गेलं नव्हतं. भागोजी कुंभाराचा माठ पहिल्या दिवशी फुटत नाही, असा बाजारात लौकिक होता. तो अर्धा त्यांचा होता, पण नाव आबांचं घेतलं जायचं.

मी परत आले त्या दिवशी दुपारी त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय सुजलेले. मला बघून लेकरासारख्या हसल्या.

"समद्या जागवल्या बघ. तीन राती. आज सकाळीच उपसल्या, लुगड्यानं पुसून कोरड्या केल्या. आता बिनघोर रंगव."

तळाच्या भोकांना त्यांनी जुन्या लुगड्याचे बोळे मारले होते. एकशेवीस बोळे. मे महिन्यात, हापशाला एक घागर भरायला पाव तास लागतो तेव्हा, गल्लीतल्या बायकांशी भांडून त्यांनी एकशेवीस कुंड्या तीन वेळा भरल्या होत्या. त्या रस्त्यावर पावसात उभ्या राहणार होत्या ना. त्यांना जागवायलाच पाहिजे होतं.

मी एक कुंडी उचलली. जड. गालाला लावली. गार. कोरडं मडकं मेच्या दुपारी गालाला भाजतं.

आबा मागून आले. त्यांनी माझ्या हातातली कुंडी घेतली, पेरानं वाजवली. बद्द. त्यांनी ती खाली ठेवली आणि आत्याबाई आत जाईपर्यंत थांबले.

"पाणी हाय ह्यांच्यात," ते हळूच म्हणाले. "आठ-धा दिस उनात टाक. मॅडमला सांग, तारीख पुढं घे म्हणावं."

"मॅडमला काय सांगू? आमच्या म्हातारीनं कुंड्या पाण्यात बुडवल्या?"

"तिचं नाव कशाला घेतीस? वाळल्या न्हाईत म्हणून सांग."

"तुम्ही तुमची माती बघा आबा. रंग माझा हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं. पर तिला काय बोलू नगंस. मरमर केलीया तिनं."

मी मॅडमकडं गेले नाही. त्यांनी मुदत दिली नसती असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं असं की मी विचारलंच नाही. पुन्हा त्या टेबलासमोर उभं राहायचं, खोतनं पुन्हा हसायचं, हे मला नको होतं. दोन दिवस कुंड्या उन्हात ठेवल्या, वरून त्या पांढुरक्या दिसायला लागल्या, आणि मी काम लावलं. गल्लीतल्या तिघी मदतीला आल्या. आबांनी आतून काळा हात दिला, एकशेवीसच्या एकशेवीस. हात देताना ते प्रत्येक कुंडी एकदा वाजवायचे आणि पुढं घ्यायचे. ब्रश ठेवलेली घरातली कुंडी पाण्याला लागली नव्हती; तीही मी सगळ्यात शेवटी रिकामी केली आणि आतून काळा हात देऊन तशीच रंगवली. तिच्यावर मोर काढला, तिच्यात ओवा लावला आणि ती दाराच्या पायरीला ठेवली.

पाच जूनला रस्ता असा दिसत होता की टांगेवाले थांबून बघत होते. फोटो झाले. मॅडमनी मला गुच्छ दिला आणि चारचौघांत सांगितलं की पुढल्या साली बचत गटाच्या बायकांना रंगकाम शिकवायला नगरपालिका द्वारकाबाईंनाच नेमणार. टाळ्या झाल्या. आबा गर्दीत मागं होते. त्यांना कुणी पुढं बोलावलं नाही, आणि मीही नाही.

त्याच संध्याकाळी ढग आले. जून-जुलै भुरभुर चालू राहिली, ऊन म्हणून दिसलं नाही, आणि कुंड्या तशाच राहिल्या. मी रोज स्टँडपर्यंत जाऊन बघून यायचे. महिना झाला, दीड महिना झाला. मला वाटायला लागलं की निभावलं. तिसऱ्या कुंडीचं काहीतरी वेगळं असेल. आबांना मी एकदा म्हणालेसुद्धा, बघा, काही झालं नाही. ते म्हणाले, अजून ऊन पडलं न्हाई.

ऑगस्ट लागला आणि उघडीप पडली. दहा दिवस कोरडं, चटका बसेल असं ऊन. तिसऱ्या दिवशी कोर्टापुढच्या कुंड्यांवर फोड आले, पाचव्या दिवशी सगळ्यांवर. मोरांच्या माना फुगल्या. कमळाच्या पाकळ्या उचलल्या गेल्या. शाळेची पोरं येता-जाता बोटानं फोड फोडायची आणि आतलं पाणी एकमेकांवर उडवायची. मी पहाटे उठून वॉर्निशचा डबा घेऊन जायचे आणि फोडांवर हात मारायचे. त्यानं ते आणखी फुगायचे. पंधरा तारखेला झेंड्याला जाणाऱ्या लोकांनी बघितलं तेव्हा रंग कातडीसारखा लोंबत होता आणि खालून लाल माती दिसत होती.

वीस तारखेला समितीचे दोघं आले. मॅडम, खोत, दहा-वीस माणसं. आम्ही तिघंही गेलो होतो. आत्याबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. रस्ता बघून त्यांनी डोळे बारीक केले, पण त्यांना फारसं दिसायचं नाही.

समितीतल्या एकानं चालता चालता एका कुंडीवरचा रंग चिमटीनं ओढला. कमळाचं अख्खं फूल त्याच्या हातात आलं. त्यानं ते झटकलं, बोटं पुसली आणि वहीत काहीतरी लिहून पुढं गेला. पुढच्या कुंड्यांकडं त्यानं बघितलंही नाही.

मॅडम मागं थांबल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

"द्वारकाबाई, कशानं झालं हे?"

लोक माझ्याकडं बघत होते. खोत वही उघडून उभा होता. मला सांगता आलं असतं की ओल्या कुंड्यांना रंग दिला, घाई माझी झाली, मडकी अस्सल आहेत, पाहिजे तर फोडून बघा. एवढं म्हटलं असतं तर माझी अब्रू गेली असती, शिकवायचं काम गेलं असतं, आणि आवा राहिला असता. हे सगळं मला तेव्हा, त्या रस्त्यावर, एका क्षणात दिसलं. कुणी म्हणेल घाबरून तोंडातून गेलं. तसं नाही गेलं. मी निवडून बोलले.

"रंग चांगलाच होता मॅडम," मी म्हणाले. "भाजणी कमी पडली असंल. मडकी कच्ची निघाली."

मॅडम आबांकडं वळल्या. "भागोजी, खरं का हे?"

आबांनी आधी माझ्याकडं बघितलं नाही. ते समोरच्या कुंडीकडं बघत होते. त्यांचा हात वर झाला, पेर वाकलं, वाजवायला. तेवढ्यात आत्याबाई पुढं सरकल्या. आपल्या माणसाच्या मडक्यांना कुणी कच्ची म्हणतंय, एवढं त्यांना कळलं होतं.

"कच्ची कशी असतील, बाई?" त्या म्हणाल्या. "म्या सोता तीन राती पानी भरून..."

"तू गप ऱ्हा," आबा म्हणाले.

चाळीस वर्षांत चारचौघांत त्यांनी बायकोला असं कधी म्हटलं नव्हतं. त्या मागं सरकल्या. आबांनी वर केलेला हात खाली घेतला. कुंडी वाजवली नाही.

"व्हय मॅडम," ते म्हणाले. "भाजणी माझीच कमी पडली. लाकडं वली हुती."

"नक्की?" मॅडमनी विचारलं. हे त्यांनी मला विचारलं, आबांना नाही.

"हो," मी म्हणाले.

खोतनं लिहून घेतलं.

आम्ही घरी आलो. आत्याबाई आत जाऊन लवंडल्या. आबा दाराबाहेर पायरीवर बसले. पायरीला लागून ती आव्याची कुंडी होती, एकशे एकविसावी. जून-जुलै ती वळचणीच्या धारेखाली उभी होती आणि मग त्याच दहा दिवसांच्या उन्हात. तिच्यावरचा मोर काल काढल्यासारखा होता. आबांनी पेरानं वाजवली. आतल्या मातीनं आवाज दबला होता, तरी काठाला तो उमटला. खण्ण.

"त्याच आव्यातली हाय ही, द्वारके," ते म्हणाले.

"आबा, मी..."

"हळू बोल. ती आत हाय."

मी त्यांच्या पायाशी बसले. मला वाटलं ते मला शिव्या देतील. ते बराच वेळ कुंडीच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले.

"तुझं तू बघ," शेवटी ते म्हणाले. "तिला मातूर कळाय नगं. कळलं तर ती पुन्यांदा पाण्याला हात लावायची न्हाई."

नगरपालिकेच्या सभेला पंधरा दिवस होते. ती कुंडी काखेत मारून मॅडमच्या टेबलावर ठेवायला मला अर्धा तास लागला असता. आत्याबाईंचं नाव घ्यायचीही गरज नव्हती. आबा पंधरा दिवस रोज सकाळी माझ्याकडं बघायचे आणि मी चुलीकडं बघायचे. सोळाव्या दिवशी ठराव झाला. निकृष्ट भाजणीमुळे सदर भट्टी जतन करण्याचे प्रयोजन उरत नाही. नक्कल माझ्याच हातात दिली त्यांनी, मला वाचता येतं म्हणून.

जेसीबी आला तेव्हा सकाळ होती आणि वकील चहा पीत उभे होते. आवा दिसायचा तेवढा मजबूत नव्हता, दोन धक्क्यांत बसला. आता तिथं कोर्टाच्या गाड्या लागतात. आबांनी घरातले उरलेले माठ बाजारात नेले, तर बायका वाजवून बघायच्या आणि परत ठेवायच्या. माठ खण्ण वाजायचा तरी. भागोजीची भाजणी गेली, असं गावात झालं होतं आणि गावाच्या कानाला तेच ऐकू यायचं. त्यांनी चाक आडवं करून भिंतीला लावलं आणि एका वसतिगृहावर राखणीला जायला लागले. दीड वर्षानं गेले. झोपेतच. खांद्यावर घ्यायचं मडकं आनंदानं बाजारातून विकत आणलं. ते वाजवून बघायला कुणी उरलं नव्हतं.

बचत गटाचं काम मला मिळालं. रंग चांगला होता असं कागदावर आलं होतं ना. अजून करते. बायकांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते की मडकं हाडापर्यंत कोरडं असल्याशिवाय ब्रश हातात घ्यायचा नाही, गालाला लावून बघायचं, गार लागलं तर ठेवून द्यायचं, तारीख कुठलीही असो. त्या वहीत लिहून घेतात. कुंड्या दुसऱ्या जिल्ह्यातून ट्रकनं येतात.

परवा कॉलेजची दोन मुलं दारावर आली. पायरीजवळची ती मोराची कुंडी बघून थांबली होती. अठरा वर्षांचा रंग आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. मोबाइलवर फोटो काढले आणि विचारलं की ही कुणी केली.

आत्याबाई पायरीवर बसल्या होत्या. आता त्यांना काहीच दिसत नाही, पण ती कुंडी त्या हातानं ओळखतात आणि रोज सकाळी तिच्यातल्या ओव्याला स्वतः पाणी घालतात.

"आमच्या मालकांची हाय," त्या म्हणाल्या. "ही तेवढी भाजली बरी. बाकीच्या समद्या कच्च्या निघाल्या, आवा गेला त्याच्यापायी. म्या तीन राती जागवल्या हुत्या रं, माझ्याकडनं काय कमी पडलं नव्हतं. ह्यांच्याच हातनं झालं. म्हातारपणी हुतं माणसाच्या हातनं."

मुलांनी माझ्याकडं बघितलं. मी दारात उभी होते. आत्याबाई मान वळवून म्हणाल्या, "व्हय ना गं द्वारके?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी चाचपत तांब्या उचलला आणि कुंडीत ओतला. पाणी मातीत मुरलं आणि तळाच्या भोकातून पायरीवर आलं. मोराच्या अंगावर एक थेंब पाझरला नाही.